पाण्याखाली राजवाडा नसतो, अक्का

प्रिय अक्का,

परवा तुझी पमी तलावात गेली. घाबरू नकोस, जिवंत आहे. छातीइतक्या पाण्यात पोचली होती, तेवढ्यात तुझ्या सासरच्या वस्तीतल्या कौसाबाईनं पाहिलं आणि लुगड्यासकट आत शिरून दंडाला धरून तिला बाहेर ओढलं. पमीच्या डोक्यावर फडक्यात भाकर बांधलेली होती. भिजू नये म्हणून. कौसाबाईनं विचारलं, "कुठं निघालीस गं मरायला?" तर म्हणाली, "मरायला न्हाय, मायकडं. मायला भाकर न्यायलेय."

म्हणून लिहितोय. तुला जाऊन दोन वर्षं झाली, एक ओळ लिहिली नाही. मेलेल्या माणसाला काय लिहायचं, असं वाटायचं. आणि माझं लिहिणं तुला ठाऊक आहे, सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पण त्या पोरीच्या डोक्यात पाण्याखालचा राजवाडा कुणी घातला, याचा माग काढत निघालो, तर गावापाशी थांबता येईना. वाट सरळ माझ्यापर्यंत आली. थोडी तुझ्यापर्यंतही येते, आता राग मानू नकोस.

आठवतं का, मोठ्या दुष्काळात आपण सगळे ह्याच तलावाच्या कामावर होतो? अण्णा खोदायचे, आई आणि तू भरावावर माती टाकायच्या, मी सुकडीच्या रांगेत भांडं धरून उभा राहायचो. तलाव हाच, हे मुद्दाम लिहितो. कारण गाव आता म्हणतं, तलावानं तुला मागून घेतलं. मागून घेतलं? ज्या पोरीनं त्याला टोपल्या-टोपल्यानं उभा केला, तिलाच?

दुपारच्या सुट्टीत तू बायांना चोपडी वाचून दाखवायचीस. रामलिंगाच्या श्रावणातल्या गर्दीत अण्णांची नजर चुकवून घेतलेली ती चोपडी. वर राजपुत्र, खाली निळं पाणी आणि पाण्यात अर्धी बाई, अर्धी मासोळी. अण्णांना दिसली तेव्हा ते म्हणाले, "म्या देव घराबाहेर काढले आन् तू राक्षस आत आणलेस." तू म्हणालीस, "राक्षसाला निवद लागत न्हाय, अण्णा." त्यावर ते हसले होते. अण्णा हसल्याचं मला त्यानंतर फारसं आठवत नाही.

त्या चोपडीत राजपुत्राला तहान लागते, तो एका तळ्यापाशी येतो आणि आतून आवाज येतो, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे, मग पाणी पी. तू असं वाचत होतीस आणि कौसाबाईनं मधेच विचारलं, "आन् त्याचं भांडं कुठंय?"

"राजपुत्राला भांडं नसतं, मावशी. वंजळीनं पितो."

"मग घरच्यांसाठी काय नेतो?"

"घरच्यांना तहान नसती. गोष्टीत एका वक्ताला एकालाच तहान लागती."

बाया इतक्या हसल्या की मुकादम उठून आला. तुझं हे असंच. तू गोष्ट वाचायचीसही आणि तिचा टाका उसवायचीसही. घरी येताना मला म्हणालीस, "बघ, सबंध चोपडीत एकबी घागर न्हाय. गोष्टीतलं पाणी कुणाला उचलावं लागत न्हाय." आणि दुसऱ्या एका दिवशी, "पोरगी पाण्यात जाती आन् पोरगा रत्न घेऊन वर येतो. पोरगी कवा वर आली का?" मी म्हणालो, ती तिथं राणी होते. तू ज्वारीचं चिपाड दातानं सोलत म्हणालीस, "वर येऊ द्यायचं नसलं की राणी करत्यात."

तेव्हा तू सोळा-सतरा वर्षांची असशील. एवढं कळत होतं तुला.

माझं काय चाललंय ते सांगायचं राहिलं. मी एका जागी टिकलो नाही. ट्रकवर क्लीनर होतो, येडशीच्या स्टेशनावर चहा विकला, आणि आता उमरग्याच्या स्टँडवर गोष्टींच्या चोपड्या विकतो. हो, त्याच. सगळ्या वाचून काढल्या. सगळ्यांत तेच पाणी गं. कुठं मेलेल्यावर शिंपडलं की तो डोळे चोळत उठतो, कुठं तळ्याच्या बुडाशी घड्यात राक्षसाचा जीव, कुठं झऱ्यावर पहारा देणारा नाग. पहाऱ्याला नागच का? मला तर पाण्यावर पहारा देणारी माणसंच दिसली आजवर. आंध्राकडचा एक ड्रायव्हर आहे, त्याला मराठी वाचता येत नाही, पण दर खेपेला येऊन म्हणतो, "वो मरा हुआ उठता है, वो दे." नुसतं चित्र बघतो. त्याचा पोरगा वारलाय, असं दुसऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं. मी त्याला काय सांगणार? देतो. त्याच्या मागं दोन दिवस मला जेवण जात नाही आणि तिसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टँडवर असतो.

कुठून कुठं आलो. तुझ्या मरणाचं लिहायचं होतं.

तलावाला दोन कडा. एका कडेला दगडी घाट, पायऱ्या. दुसऱ्या कडेला आपल्या बौद्धवस्तीच्या बाया चिखलातनं पाणी भरतात. घाटावर वस्तीच्या बायांना कुणी अडवत नव्हतं, असं पाणी उपसणाऱ्या सोसायटीचा चेअरमन आजही म्हणतो. खरंच आहे. अडवावं लागतच नव्हतं.

तू का नाही गेलीस घाटावर, अक्का? राक्षसाच्या दाढीला हात घालणारी तू. लग्न होऊन त्या गावात गेलीस आणि पहिल्या दिवसापासून मान खाली घालून चिखलाच्या कडेला कशी गेलीस? कौसाबाईनं तुझं स्थळ जुळवलं तेव्हा मला वाटलं होतं, आता त्या गावाचं काही खरं नाही.

उन्हाळ्यात उपसा सिंचन सोसायटीनं तलावाच्या बुडात चर खणला. पाणी हटलं होतं, उरलंसुरलं मोटारींपर्यंत यावं म्हणून. खणला तो आपल्या कडेला. पुरुषभराहून खोल. मग थोडा पाऊस झाला, चर भरला आणि सगळीकडं घोट्याइतक्या पाण्याची सारखी चादर पसरली. ना खूण, ना दोरी. तू घागर घेऊन आत गेलीस. घोट्याइतकं, घोट्याइतकं, आणि मग पायाखाली काहीच नाही.

पाय घसरला, असं ठरलं. दाजींना सोसायटीनं मोटारीवर कामाला ठेवून घेतलं. ते काही बोलले नाहीत. मला त्यांचा राग येतो आणि येतही नाही.

त्याच साली तलाव तुडुंब भरला. आपण खणल्यापासून जो अर्ध्याच्या वर कधी आला नव्हता, तो सांडव्यावरनं वाहिला. झालं. सून घेतल्याबिगर तळं धरत न्हाय, हे गावाला आधीपासून पाठ होतंच. फक्त सून कोण ते माहीत नव्हतं. भरावावर एक दगड उभा राहिला, त्याला शेंदूर लागला, आणि अण्णांनी बुद्धाच्या गोष्टीतनं वेचून ठेवलेलं तुझं सुजाता हे नाव त्यांनी सुजाई करून टाकलं. जिवंतपणी तुझ्या घागरीला शिवायचं नाही म्हणून वाट सोडून चालणाऱ्या बाया तुझ्या दगडाला डोकं टेकू लागल्या.

आणि एकदा तू देवी झालीस म्हटल्यावर चराचं कोण विचारणार? देवीला कुणी मारलं, असं विचारतात का?

अण्णांना कळलं तेव्हा ते उंबऱ्यात बसले होते. म्हणाले, "म्या घरातले देव फडक्यात बांधून तेरणेत सोडले. आन् ह्यांनी पाण्यातनं माझीच पोरगी देव करून काढली." आई आतून म्हणाली, "देव तर देव. सासरी सणाला कवा लुगडं मिळालं न्हाय तिला. आता वर्साला एक तरी चढंल." अण्णा उठून गेले. दोघांचंही मला पटलं. हीच माझी गत आहे, मला सगळ्यांचंच पटतं आणि मग मी गाव सोडतो.

गेल्या साली पाणी पुन्हा हटलं. मोटारी हवा ओढायला लागल्या. गावात कुणीतरी काढलं की देवीची ओटी माहेरानं भरली नाही, म्हणून सुजाई रुसली. देवीला माहेर लागतंच की. चेअरमन जीप घेऊन आपल्या घरी आला. आपल्या घरी, अक्का. बाजेवर बसला, चहा मात्र नको म्हणाला.

अण्णा म्हणाले, "माझी पोरगी मेलेली हाय. मेलेल्याची वटी भरत न्हाईत."

चेअरमन म्हणाला, "गावाच्या पिकाचा सवाल हाय, अण्णा."

"व्हय. तवाबी पिकाचाच व्हता."

आईनं पेटीतनं हिरवं लुगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी घेतलं. लुगड्यासाठी नाही. मला वाटलं, सगळं गाव एका जागी असेल, हलगी थांबेल, आणि मी सांगेन.

थांबली हलगी. मी लुगडं दगडावर ठेवलं आणि म्हणालो, "ही देवी न्हाय. ही माझी बहीण सुजाता. तुमच्या चरात बुडून मेली." म्हणता म्हणता मला कापरं भरलं. राग होता, उपास होता, आवाज फाटून बारीक झाला, कौसाबाई म्हणते अगदी तुझ्यासारखा. समोरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या आणि मग एकदम वाकल्या. "आली, आली. भावाच्या अंगात आली."

मी ओरडलो, "अंगात कुणी आलं न्हाय. म्याच बोलायलोय."

पाटलाची म्हातारी हात जोडून म्हणाली, "व्हय माय, तूच बोलायलीस."

काय करशील अशा माणसांचं? जितकं नाही म्हणावं तितका कुंकवाचा मळवट वाढत गेला. हलगी पुन्हा सुरू झाली. चेअरमन माझ्या पायाशी बसला, टोपी काढून. "सुजाई, काय चुकलं आमचं? काय पाहिजे तुला?"

हा प्रश्न वस्तीतल्या माणसाला त्यानं आयुष्यात केला नव्हता. कौसाबाई त्या चराचं सांगायला कितीदा तरी त्याच्या दारात उभी राहिली होती. "बघू" म्हणायचा. आणि आता डोळे मिटून विचारत होता, काय पाहिजे. माझ्या लक्षात आलं, ह्या घडीला जे मागेन ते मिळेल, फक्त मी मी असता कामा नये.

मी म्हणालो, "चर बुजव."

चेअरमनचे डोळे उघडले. "चर बुजवला तर मोटारीला पाणी कुठनं यावं, माय? लेकरांची पिकं जातील. कठडा बांधतो. दगडी." देवीशीही घासाघीस करतो तो, मेथीच्या जुडीसारखी.

"बांध. आन् माझ्या वस्तीच्या बाया घाटावर पाणी भरतील."

हलगी थांबली. कुणी कुणाकडं बघेना. मग ती म्हातारीच म्हणाली, "देवीच्या वस्तीतल्या बाया त्या. येऊ द्या." चेअरमन म्हणाला, "मंगळवारी येऊ द्या. देवीचा वार." आणि मागनं सगळे, "मंगळवारी, मंगळवारी."

सगळे वार म्हण, असं मी स्वतःला म्हणत होतो. पण घसा कोरडा पडला होता. कुणीतरी तांब्या आणून माझ्या तोंडाला लावला. घाटावरचं पाणी, पाटलाच्या घरचा तांब्या. वस्तीतल्या कुणाच्या ओठाला तो आजवर लागला नव्हता. मी प्यालो, अक्का. गटागटा प्यालो. आणि तो मंगळवार तसाच गिळला.

तेवढ्यात पमी तिच्या आजीचा, तुझ्या सासूचा, हात सोडून माझ्यापाशी आली. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "माय, तू कुठं राहतीस?"

सगळं गाव बघत होतं. कठडा, घाट, सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं. मी म्हणालो, "पाण्यात."

बाकीचं आजीनं पुरं केलं. काचेची दारं, मोत्यांचा पाळणा. आणि चित्र हवं म्हणून पुढच्या खेपेला मीच तिला एक चोपडी नेऊन दिली होती. माझ्याच गठ्ठ्यातली.

कठडा झाला, तोही गुडघ्याइतका. वस्तीच्या बाया मंगळवारी घाटावर जातात, नवी लुगडी नेसून जातात, आणि बुधवारी पुन्हा चिखलात उतरतात. गावाला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याही बायांना वाटेनासं झालंय, हे जास्त वाईट.

घरी आलो तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, "तुझ्या अंगात आलं म्हणं?"

"न्हाय, अण्णा. खोटं व्हतं."

"खरंच आलं असतं तर येडा म्हणून घरात घेतलं असतं." तेव्हापासून बोलत नाहीत. मी पुन्हा उमरग्याला पळालो.

आणि आता पमी. निरोप मिळाला तसा आलो. काल तिला घेऊन तुझ्या घराच्या मागं बसलो. तिला म्हणालो, "पाण्यात माय न्हाय. राजवाडाबी न्हाय."

"तूच तर सांगितलंस."

"ते मामा बोलत व्हता."

"मग माय काय बोलली?"

"माय काहीच बोलली न्हाय. मेलेलं माणूस बोलत न्हाय, पमे."

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली. मग म्हणाली, "मग माझी भाकर कोण खाणार व्हतं?" रडली नाही ती. माझ्याकडं पाठ करून बसली.

संध्याकाळी चेअरमनचा माणूस आला. पोरगी पाण्यात गेली, बुडली नाही, म्हणजे आईनं तिला हात दिला, असं गावात ठरलंय. ह्या मंगळवारी ओटीचं ताट पमीच्या हातात द्यायचं, गुडघाभर पाण्यात उभं करून. आणि मी यायचं, अंगात आणायला. तुझी सासू तयार आहे. दाजी खाली बघत होते. मी म्हणालो, पोरगी येणार नाही. तो म्हणाला, "तू कोण सांगणार? देवी सांगंल की." बघ म्हणजे. तुझ्याच तोंडानं तुझी पोर मागतात, आणि ते तोंड त्यांना मीच उघडून दिलंय.

मग मी दाजींपुढं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, मारा मला, पण पमीला चार महिने येडशीकडं नेतो, अण्णांच्या घरी. ते म्हणाले, "सोमवारीच ने. मंगळवारी माझ्यानं न्हाय म्हणवायचं न्हाय." दोन वर्षांत तुझ्यासाठी त्यांनी केलेली ही एकच गोष्ट. ती नोंदवून ठेवतो.

आणि कौसाबाईकडं गेलो. म्हणालो, पमीला पोचवून मी परत येतो, बुधवारी घाटावर जायचं.

ती म्हणाली, "बुधवारी गेलं तर मारतील."

"मारतील."

"मग मडकं घेऊ का पितळंची घागर?"

"मडकं फुटंल."

"तर पितळंचीच घेते," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली. आणखी कोण येईल ते तिला माहीत नाही, मलाही नाही. कदाचित आम्ही दोघंच असू.

तर अक्का, शब्द देतो. मंगळवारी तुझ्या दगडापाशी माहेरचं कुणी नसेल. बुधवारी मी घाटावर असेन, मळवट नसेल, हलगी नसेल. तिथं जे बोलेन ते मी बोलेन, आणि मार बसला तर तोही मलाच बसेल. देवी बोलली, असं कुणाला म्हणता येऊ नये एवढ्या साध्या आवाजात सांगेन की ही वाट सगळ्या वारांची आहे. आणि पमीनं पुन्हा विचारलं, माय कुठंय, तर दर वेळी एकच सांगेन. मेली, चरात बुडून मेली. तिला ऐकवणार नाही, मला सांगवणार नाही. तरी सांगेन. तुझ्या नावानं पुन्हा तोंड उघडणार नाही.

तुझा भाऊ,
जो कुठं टिकला नाही, पण बुधवारपर्यंत टिकेल